आभाळ कुठल्या तासाला शिकवू?

अगं, फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला कळलंच, पोरगी पार दमलेली आहे. द्विशिक्षकी शाळा, चौथी आणि पाचवी दोन्ही वर्ग तुझ्याकडे, सगळे विषय तुझेच, वर पोषण आहाराचं रजिस्टर आणि रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरायची. त्यात शिक्षण परिषदेत सांगितलं गेलं की हवामान एकट्या परिसर अभ्यासात न ठेवता भाषा, गणित, इतिहास, कला सगळीकडे घ्या. तू म्हणालीस, ‘ताई, घेते गं, पण कुठल्या तासाला? आणि टाचणात काय लिहू?’

बघ, प्रत्येक विषयात हवामानाचा नवा पाठ तयार करायचा हा विचार आधी डोक्यातून काढून टाक. तसं करायला गेलीस तर जितके विषय तितके उपक्रम होतील, भिंतभर तक्ते होतील, थर्माकोलचं जलचक्र होईल, आणि जुलै संपेपर्यंत तूही कंटाळशील आणि पोरंही. त्याऐवजी एकच काम कर. परिपाठ झाला की पाच मिनिटं पटांगणात थांबायचं, आभाळ बघायचं, पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचं. रोज. शाळा उघडल्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंत. बाकीचे विषय त्या वहीकडे कसे चालत येतात तेच तुला सांगते.

वही साधी दोनशे पानी घे. रकाने पाडून ठेव: तारीख, वेळ, पाऊस मिलिमीटरमध्ये, आभाळ कसं, वारा कुठून, आणि शेवटी एक चांगला रुंद रकाना, ‘आज काय दिसलं?’ हा शेवटचा रकाना छोटा करू नकोस हं. तुझं अर्धं भाषेचं काम त्यात आहे.

आता पर्जन्यमापक. विकत आणू नकोस, दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत होतो. जिथे बाटली निमुळती व्हायला लागते तिथे वरचा भाग कापायचा आणि तोच उलटा करून खालच्या भागात बसवायचा, झालं नरसाळं. बाटलीचा तळ खालीवर असतो, तिथे मोजणी चुकते. म्हणून तळाशी खडे घालून त्यांच्यावर पाणी ओत, कडा सरळ होतात तिथे शून्याची रेघ मार आणि तिथून वर पट्टी चिकटव. गावात कुठे गवंडीकाम चालू असेल तर मूठभर सिमेंट कालवून तळ सपाट करून घे, मग रोज पाणी भरायची कटकट राहत नाही. बाटली जमिनीत थोडी पुरून किंवा विटांच्या मध्ये घट्ट बसव. झाडाखाली नको, पागोळ्यांखाली तर मुळीच नको. भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट तरी लांब. आणि शेळ्यांपासून जप, त्यांना नवीन वस्तू हुंगल्याशिवाय राहवत नाही.

वेळ कायम एकच ठेव. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आदल्या साडेआठपासूनच्या चोवीस तासांचा पाऊस. तुझी शाळा साडेदहाची असेल तर साडेदहा. पण मग रोज साडेदहाच.

पहिल्या आठवड्यात पोरांना एक कोडं घाल. उभ्या कडांचा एक अरुंद डबा आणि तशाच उभ्या कडांचं एक मोठं पातेलं, दोन्ही उघड्यावर पावसात ठेवायची. पाणी जास्त उंच कशात चढेल? आधी हात वर करायला सांग आणि आकडे फळ्यावर लिहून ठेव. बहुतेक सगळे पातेल्याच्या बाजूनं असतील, थोडे डब्याच्या. एक चांगली सर येऊन गेली की पट्टी घालून मोजायला लाव. दोन्हींत पाणी जवळजवळ सारखंच चढलेलं असतं, आणि त्या वेळी पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पातेल्यानं पाऊस जास्त गोळा केला हे खरंच, पण तो पसरायला जागाही तेवढीच जास्त होती. पाऊस आपण लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतो, हे एकदा असं हातानं कळलं की पुन्हा कधी समजावून सांगावं लागत नाही.

आणि इथूनच गणिताचा तास सुरू होतो बघ. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पाचवीच्या पोरांना शाळेचं छप्पर मोजायला लाव. आठ मीटर बाय पाच मीटर निघालं तर चाळीस चौरस मीटर. रात्री पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे छपरावर हजार लिटर पाणी पडलं. हजार लिटरची काळी टाकी पोरांनी पाहिलेली असते. ‘बाई, एका रात्रीत टाकी भरली असती!’ हे ती स्वतः म्हणतात. मार्चमध्ये हंड्यासाठी रांगेत उभं राहणाऱ्या मुलीच्या तोंडून ते ऐकशील तेव्हा तुला कळेल की पुस्तकातल्या गुणाकारात आणि या गुणाकारात काय फरक आहे.

चौथीला ताळ्याच्या खुणा आणि चित्रालेख, पाचवीला दशांश, सगळं त्या वहीतून निघतं. पहिली-दुसरी दुसऱ्या बाईंकडे आहे ना? त्यांनाही सामील करून घे. लहानग्यांनी कॅलेंडरच्या चौकटीत ऊन, ढग, पाऊस एवढंच काढायचं आणि महिन्याच्या शेवटी मोजायचं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते, जरा नीट ऐक. पाऊस नसलेल्या दिवशी पोरं वही उघडायलाच तयार नसतात. ‘बाई, आज काहीच नाही, काय लिहू?’ तेव्हा ठामपणे सांग, शून्य लिही. शून्य ही नोंद आहे. आम्ही गेलो, पाहिलं, आणि बाटलीत पाणी नव्हतं, असं ते शून्य सांगतं. आणि ज्या दिवशी कुणी पाहिलंच नाही, बाटली लवंडली, शाळेला अचानक सुट्टी पडली, त्या दिवशी शून्य लिहायचं नाही. तिथे आडवी रेघ ओढायची. पाऊस नव्हता आणि आम्ही पाहिलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगं, मोठमोठी माणसं इथे गल्लत करतात. चौथीच्या पोराला हा फरक पक्का कळला, तर विज्ञानाचं अर्धं शिक्षण झालं असं मी मानते.

पोरं कधीकधी गुपचूप बाटलीत पाणीही ओततात. आपल्या पाळीच्या दिवशी आकडा मोठा यावा, एवढीच हौस असते गं त्यांची. ओरडू नकोस. ‘काल एवढा पाऊस झाला, मग मैदान इतकं कोरडं कसं? छपरावरून पाणी आलं का? शेजारच्या गावात किती झाला?’ असं विचार. एका नोंदीला दुसऱ्या दोन गोष्टींनी ताडून पाहायचं, हे पोरं त्यातूनच शिकतात. ओतणाराही आपणहून बोलतो.

आकड्याला किती किंमत असते हे गावातल्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामे, नुकसानभरपाई यांच्या गोष्टी त्या आकड्यापासून सुरू होतात. पारावर ‘मंडळात किती नोंदला?’ ही चर्चा पोरं ऐकत असतात. तेव्हा मंडळाचा आकडा आणि तुमच्या बाटलीचा आकडा शेजारी शेजारी लिहा. पुष्कळदा वेगळे येतील. का, ते पोरांनाच शोधू दे. पाऊस शिवाराच्या एका बाजूला पडतो आणि दुसरी बाजू कोरडी राहते, हे त्यांनी पाहिलेलं असतंच. मग त्यांना २६ जुलै २००५ची मुंबई सांग. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७४च्या आसपास. ९४४ मिलिमीटर म्हणजे किती, ते पट्टीनं भिंतीवर मोजायला लाव. पाणी कुठे न वाहता जागच्या जागी साठलं असतं, तर चौथीतल्या पोराच्या छातीपर्यंत आलं असतं. भिंतीवरची ती रेघ पुसू नकोस, वर्षभर राहू दे.

भाषेचं म्हणशील तर मला इथे तुझा हेवा वाटतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध यंदा देऊच नकोस. तो पोरांना पाठ आहे, त्यात बेडूक डराव डराव करतात, मोर नाचतो आणि होड्या तरंगतात, मग गावात मोर असो वा नसो. त्याऐवजी घरून शब्द आणायला सांग. भुरभुर, झिमझिम, रिमझिम, शिरवं, सर, झड, संततधार, मुसळधार, वळीव, अवकाळी. पाऊस थांबला की उघडीप, येतच नसला की ओढ, पेरणीजोगी ओल झाली की वापसा. शब्द भिंतीवर लागले की गणिताची वही मध्ये आण. ‘कालची भुरभुर किती मिलिमीटरची होती? झडीच्या दिवशी किती, आणि वळवाच्या एका तासात किती?’ भांडतील पोरं, भांडू दे. झड दिवसभर लागूनही आकडा लहान असू शकतो आणि वळीव तासाभरात बाटली भरून जातो, हे कळलं की कुठला शब्द कधी वापरायचा ते वेगळं शिकवावं लागत नाही. हवामान खात्याचं मोजमापही सांगून ठेव: २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’, आणि ६४.५च्या पुढे गेला की जोरदार.

‘आज काय दिसलं’ या रकान्यात रोज एका पोरानं दोनच वाक्यं लिहायची. अट एकच, डोळ्यांनी पाहिलेलं हवं. ‘आज वातावरण प्रसन्न होते’ असं लिहिलं की परत पाठव, ‘म्हणजे तुला दिसलं काय?’ विचार. मग कुणी लिहितो, कौलावरून धूर निघत होता. कुणी लिहितं, आईनं मीठ चुलीजवळ ठेवलं कारण बरणीत त्याला पाणी सुटलं. त्या मिठावर तुझा परिसर अभ्यासाचा अख्खा तास होईल बघ. हवेत पाण्याची वाफ असते ती कुठे दिसते? मऊ पडलेल्या पापडात, न वाळणाऱ्या गणवेशात, थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याबाहेर जमलेल्या थेंबांत. एक ओला रुमाल जूनमध्ये वाळत घाल आणि एक तसाच डिसेंबरमध्ये, दोन्ही वर्गातच. वाळायला लागलेला वेळ वहीत लिही. प्रयोगशाळा नाही म्हणून कुरकुरू नकोस, चांगल्या घराचं स्वयंपाकघर एवढी प्रयोगशाळा पुष्कळ झाली.

शाळा उघडते तेव्हा शिवारात तो लाल मखमली मृगाचा किडा दिसतो ना, तो आणू दे एखाद्याला पानावर ठेवून. भिंग असेल तर उत्तम. पाय मोजायला सांग. आठ भरतात. किडा म्हणतो आपण त्याला, पण कीटकाला पाय सहा. हा कोळ्याच्या कुळातला, मातीत राहणारा, पहिल्या पावसाची ओल लागली की वर येणारा. पाय मोजून झाले की जिथून आणला तिथेच सोडून यायचा, हेही त्या पाठातच आलं.

बरं, आजीलोकांना विसरू नकोस. आपल्या गावांत पावसाचा हिशेब नक्षत्रांनी चालतो. साधारण ७ जूनला मृग लागतं, २२च्या आसपास आर्द्रा, मग पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस, पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि शेवटी हत्तीचा हस्त. वर्षाचे ३६५ दिवस, नक्षत्रं २७, मग एकेकाच्या वाट्याला किती दिवस? भागाकार करून साडेतेरा येतात, पंचांग उघडलं की तेरा-चौदाच निघतात, आणि पोरांना आजीचा हिशेब पक्का असल्याचं कळतं. नक्षत्राचं वाहनही पंचांगात दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस चांगला मानतात, कोल्हा-मेंढा असलं की कमी. नक्षत्र लागेल त्या दिवशी आजीचा अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा आणि नक्षत्र संपलं की वहीतली बेरीज त्याच्याशी ताडायची. बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, तिचं भाकीतही वर्तमानपत्रात येतं, तेही लिही. हवामान खात्याचा अंदाजही त्याच कोपऱ्यात. सगळ्यांना एकच कसोटी, आपली बाटली. कुणाला हसायचं नाही आणि कुणाचं तपासल्याशिवाय मानायचंही नाही. आजीचा अंदाज चुकला तर आजीची किंमत कमी होत नाही, हे मात्र पोरांना तुझ्या वागण्यातून दिसायला हवं. पावशा ओरडला की पेरणी जवळ आली, हे ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कान देऊन टिपलं, ती निरीक्षणच करत होती.

हस्त लागला की हादगा येतो. मधोमध हत्ती काढून मुली फेर धरतील तेव्हा मुलगेही फेरात असू देत, आणि ‘हत्ती या वेळीच का?’ हा प्रश्न तू टाक. कलेचा तास झाला, नाचात खेळाचाही झाला.

इतिहासात फार ताणू नकोस. दोन गोष्टी पुरेत. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक आहेच. महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते जुलै १६६० मध्ये, ऐन पावसाळ्यात, रात्री. पोरांना बाजीप्रभू माहीत असतात, चिखल माहीत नसतो. जुलैतल्या तुमच्या वहीची पानं समोर ठेव, ‘अशा पावसात, या अंधारात, पालखी खांद्यावर घेऊन चालायचं’ एवढंच म्हण आणि थांब. दसऱ्याला सीमोल्लंघन का, मोहिमा पावसाळा संपल्यावरच का निघायच्या, हे मग पोरंच सांगतील. दुसरी गोष्ट १९७२चा दुष्काळ. तो पाहिलेले आजी-आजोबा तुमच्या गावात नक्की असतील. त्यांना शाळेत बोलव. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, रोजगार हमी, हे त्यांच्या तोंडून येऊ दे. पोरांनी प्रश्न आधी लिहून ठेवायचे आणि ऐकताना मध्ये बोलायचं नाही.

भूगोलात पोरं एका ठिकाणी हमखास अडकतात, म्हणून सांगते. वारा जिकडून येतो त्याचं नाव त्याला मिळतं. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात, नैऋत्येकडे जात नाहीत. काठीला जुन्या साडीची एक चिंधी बांध, दिशा खडूनं जमिनीवर काढ, रोज बघतील. जून-जुलैत चिंधी कुठे उडते आणि थंडीत कुठे, एवढ्यावर मोसमी वारे कळतात. मग नकाशावर महाबळेश्वर दाखव, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घाट उतरून खाली वाईला आलं की तो हजाराच्याही आत, आणि पुढे माण-खटावात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात! सह्याद्रीवर चढताना ढग रिकामे होतात आणि पलीकडच्या गावांना उरलंसुरलं मिळतं. पर्जन्यछाया हा शब्द याच्यानंतर सांग, आधी नको. हौस असेल तर ‘मेघदूत’मधला ढगाचा रस्ता नकाशावर काढ. रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलंय. तिथून विदिशा, उज्जैन, थेट कैलासापर्यंत दोरा लावायचा. पाचवीची पोरं हे आवडीनं करतात.

इंग्रजीत रोज दोन वाक्यं बोलून घे, सनी, क्लाउडी, रेनी, विंडी. त्यापलीकडे सध्या नको.

आता एक जरा जड गोष्ट. पाऊस सगळ्यांसाठी गंमत नसतो. तुझ्या वर्गात असा एखादा असेल ज्याच्या घराला पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी लावावी लागतात. ज्याच्या वडिलांची द्राक्षं गारपिटीत गेली. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाण्याचं कर्ज, हे ज्याला नऊ वर्षांच्या वयात माहीत आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणला जे पाणी चढलं, त्यानंतर तिथल्या कित्येक पोरांना रात्री पावसाचा आवाज आला की झोप लागत नव्हती. म्हणून ‘पाऊस तुला का आवडतो?’ असं विचारू नकोस. ‘पाऊस आला की तुमच्या घरी काय काय होतं?’ असं विचार. त्यात आनंदही मावतो आणि काळजीही. कुणी गप्प राहिलं तर राहू दे, वहीचा तो दिवस दुसऱ्याला दे. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बस. आणि कुणी रडवेलं झालं तर घाबरून विषय बदलू नकोस गं. पोराचं ऐकून घेतलं की त्याला बरं वाटतं, तुझ्याकडे उत्तर असायलाच हवं असं नाही. हे तुला जमतं, मी पाहिलंय.

विजेचं मात्र भीती वाटली तरी शिकवायचंच. आपल्याकडे मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात शिवारात वीज पडून माणसं जातात. पोरांना मोजायला शिकव: वीज चमकली की एक, दोन, तीन म्हणायला सुरुवात करायची, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब पक्क्या घरात जायचं. झाडाखाली थांबायचं नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नाही, विहिरीवर-तळ्यावर नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, तुझ्या फोनवर घे आणि पालकसभेत सगळ्यांना दाखव. पालकसभेला येणाऱ्या बायकाच शेतावर असतात, त्यांना आधी.

पुण्याचं नाव निघालं म्हणून आठवलं. हवामान खातं १८७५चं, त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथे १९४८ साली अण्णा मणी रुजू झाल्या. १९१८चा जन्म, केरळच्या, आणि हवामानाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून आयुष्यभर झटल्या. बाटलीशेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या तुझ्या मुलींना त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय वर्ष संपवू नकोस.

टाचणाची आणि केंद्रप्रमुखांची काळजी सोड. प्रत्येक विषयाच्या टाचणात ‘हवामान नोंदवही, अमुक तारखेचं पान’ एवढा एक उल्लेख आणि शेजारी अध्ययन निष्पत्ती लिही. आकारिक मूल्यमापनाला उपक्रम हवा असतो ना, तोही तिथेच मिळेल. साहेब आले तर काही बोलू नकोस, वही एखाद्या मुलीच्या हातात दे आणि तिलाच वाचून दाखवायला सांग.

पहिल्या महिन्यात सगळं होणार नाही, करूही नकोस. जूनमध्ये नुसत्या नोंदी. जुलैत गणित आणि शब्द. बाकी हळूहळू. रविवारचं काय, असं तू विचारशीलच. शाळेजवळ राहणारं एखादं पोर असेल तर ते नोंद घेईल, नाहीतर सोमवारी बाटलीत जेवढं असेल ते लिहायचं आणि पुढे ‘दोन दिवसांचा’ असा शेरा मारायचा. रविवारच्या रकान्यात रेघ, शून्य नाही.

आणि हे बघ, बाटली कापायचं काम पोरांकडे देऊ नकोस. कटर तू हातात धर, आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावल्याशिवाय ती कुणाच्या हातात जाता कामा नये.